सकाळची हवा आणि परतीचं पेट्रोल

एप्रिल-मे महिन्यांत बंगळूरच्या पठारावर वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो. विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उतरावं लागतं. म्हणून या दिवसांत एचएएलच्या जुन्या विमानतळावर येणारी विमानं पूर्वेकडून खाली येतात, म्हणजे नेमकी मारतहळ्ळीच्या डोक्यावरून. रिंग रोडच्या पुलापाशी संध्याकाळी पुण्याच्या, कोल्हापूरच्या बसची वाट बघत बॅगा आणि मुलं सांभाळणारी मराठी कुटुंबं उभी असतात. त्यांच्यावरून कधी तेजस या लढाऊ विमानाची चाचणी घेऊन परतणारा वैमानिक जातो, कधी सैन्याचं मालवाहू विमान, तर कधी सहा-आठ माणसांचं एखादं खासगी विमान. २४ मे २००८ रोजी प्रवासी वाहतूक देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर गेली, पण एचएएलची सुमारे ३.३ किलोमीटरची धावपट्टी खासगी आणि भाड्याच्या विमानांसाठी आजही वापरात आहे. पुलाजवळून सुटणाऱ्या बसला कोल्हापूर गाठायला रात्रभर लागते. चार आसनांच्या साध्या विमानाला तीन तासांच्या आत पोचता येतं.

असं विमान हाताशी असेल, कुणी परवानाधारक मित्र सुट्टीला बरोबर येणार असेल किंवा चार कुटुंबांनी मिळून एखादं विमान भाड्यानं घेतलं असेल, तर मारतहळ्ळीहून उन्हाळ्यात कुठं जावं? बहुतेक जण सवयीनं आधी ठिकाण ठरवतात आणि मग वाट शोधतात. मोटारीला हा क्रम चालतो, कारण रस्ता सगळीकडे जातो. लहान विमानाचं ठिकाण मात्र धावपट्टीपासून सुरू होतं. ती कुठं आहे, तिथून परत कसं उठता येईल, तिथं इंधन मिळेल का, विमान रात्री कुठं बांधायचं, या प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावरच डोंगर की समुद्र हे ठरवता येतं. आणि दख्खनमधल्या धावपट्ट्या सुट्टीसाठी बांधलेल्या नाहीत. टपाल, संस्थानी अभिमान, महायुद्ध, पोलाद कारखाना अशा वेगवेगळ्या गरजांतून त्या उभ्या राहिल्या. आपला सुट्टीचा नकाशा त्या जुन्या गरजांनीच आखून ठेवला आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ जातीच्या एका इंजिनाच्या विमानातून उड्डाण केलं आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तिथून पुढं मद्रासपर्यंतचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. वाटेत त्यांचा थांबा होता बळ्ळारी. आज हंपीला जाताना ज्या भागावरून आपण उडतो, तो टाटांच्या त्या पहिल्या हवाई टपालाच्या वाटेवरचा भाग आहे. अहमदाबादला विमानात भरायचं इंधन चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीनं आणलं जाई. लहान विमानाचा प्रवास कुठं थांबेल हे इंधन ठरवतं, ही गोष्ट तेव्हाही खरी होती. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई आणि सेवा पुण्याहून चालवावी लागे. मुंबईच्या आरोही पंडितनं १५ ऑक्टोबर २०२१ ला भुजहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत अगदी हलक्या विमानातून तीच वाट पुन्हा उडून दाखवली. त्याआधी २०१९ मध्ये तिनं अशाच हलक्या विमानातून एकटीनं अटलांटिक ओलांडला होता.

कोल्हापूरची धावपट्टी छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली, १९३९ ची. बेळगावजवळ सांबऱ्याचा तळ १९४२ चा, युद्धाच्या गरजेचा. आणि मारतहळ्ळीच्या शेजारची एचएएल ही सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत २३ डिसेंबर १९४० रोजी उभी केलेली विमानं बनवणारी कंपनी. या कंपनीत पुढं एक मराठी अभियंता आला. डॉ. विष्णु माधव घाटगे गोटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले होते. १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान त्यांच्या आराखड्याचं. १९५८ मध्ये उडालेलं ‘पुष्पक’ही त्यांचंच. दोन आसनं, ९० अश्वशक्तीचं इंजिन, कापडानं मढवलेले पंख. देशभरच्या फ्लाइंग क्लबांमधून किती तरी वैमानिकांनी आपलं पहिलं उड्डाण पुष्पकमधून केलं. मारतहळ्ळीहून जुन्या एअरपोर्ट रोडनं शहराकडे येताना एचएएलचं संग्रहालय लागतं. मुलांना घेऊन लहान विमानानं सुट्टीला निघण्याआधी एक सकाळ तिथं घालवावी, असं मला मनापासून वाटतं. आपण ज्यात बसणार ती वस्तू किती हलकी असते आणि का, हे मुलांना तिथं डोळ्यांनी कळतं.

आता हवेकडे येऊ, कारण उन्हाळ्यात सगळ्यात आधी हवाच आडवी येते.

एचएएलचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८८८ मीटर उंच आहे. विमानशास्त्रात ‘प्रमाण’ मानलेल्या हवेत त्या उंचीवर तापमान ९ अंशांच्या आसपास असायला हवं. एप्रिलच्या दुपारी ते ३४ असतं. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, पंख्याला पकड कमी मिळते आणि इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. ही तिन्ही नुकसानं एकाच वेळी होतात. हिशेब केला तर ३४ अंशांच्या दुपारी एचएएलवरची हवा सुमारे १,८०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ निघते. साध्या इंजिनाची जवळपास सहावा हिस्सा ताकद तिथंच जाते. पहाटे सहाला २२ अंश असताना तेच विमान सुमारे १,३५० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीवर असल्यासारखं वागतं. धावपट्टी तीच, माणसं तीच, सामान तेच, पण सकाळ आणि दुपार यांत साडेचारशे मीटरचा फरक पडतो. वैमानिक याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात आणि निघण्याआधी तो आकडा काढल्याशिवाय चांगला वैमानिक इंजिनाला हात लावत नाही.

दुपारची दुसरी अडचण म्हणजे हवेची उलथापालथ. दहा-साडेदहानंतर पठाराची काळी-तांबडी जमीन तापते आणि तिच्यावरून गरम हवेचे झोत वर उठू लागतात. लहान विमान त्या झोतांत सतत हिसके खातं. याचा धोका फार नसतो, पण मागच्या आसनावर बसलेल्या मुलांना उलट्या सुरू होतात आणि सुट्टीचा पहिला दिवस वाया जातो. त्यानंतर येतो वळीव. एप्रिलच्या शेवटापासून दुपारी तीन-चारच्या सुमारास पठारावर आणि सह्याद्रीच्या माथ्यावर ढगांचे बुरूज चढू लागतात. वळवाच्या ढगाखाली कुठलंही लहान विमान असता कामा नये, याबद्दल वैमानिकांमध्ये दुमत नाही. मेमध्ये बंगळूरला सूर्य सहाच्या जरा आधी उगवतो. दृश्य नियमांनी, म्हणजे वैमानिकांच्या बोलीत व्हीएफआर, उडणाऱ्या विमानाला रात्रीचा प्रवास करता येत नाही. म्हणजे उन्हाळ्यात सुट्टीचं लहान विमान सकाळी सहा ते दहाच्या दरम्यानच उडायचं. चार तासांची ही खिडकी आपल्या ठिकाणाचा परीघ ठरवते. ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगानं अडीच-तीन तासांत जे गाठता येतं, ते आपलं. त्यापलीकडचं दुसऱ्या दिवसाचं.

वजनाचा हिशेब तर याहून कडक असतो. भारतात आणि जगात सगळ्यात जास्त दिसणारं चार आसनी विमान म्हणजे सेसना १७२. त्याच्या अलीकडच्या प्रकाराचं उड्डाणावेळचं कमाल वजन १,१५७ किलो. विमानाचं स्वतःचं वजन वजा केलं की माणसं, सामान आणि इंधन मिळून जेमतेम ४०० किलो उरतात. टाक्या पूर्ण भरल्या की वापरता येण्याजोगं इंधन सुमारे २०० लिटर, म्हणजे १४५ किलो. मग उरले अडीचशे. आई, वडील, दोन लहान मुलं आणि तीसेक किलोच्या मऊ पिशव्या यात आरामात बसतात. चार मोठी माणसं बसत नाहीत. आसनं चार आहेत म्हणून चौघांना घ्यायचं असेल तर इंधन कमी भरावं लागतं आणि इंधन कमी भरलं की परीघ आखडतो. आजीला न्यायचं असेल तर वाटेत किंवा ठिकाणावर इंधन मिळायलाच हवं, हा गणिताचा निकाल आहे. वजनं खरी सांगावीत, सामान काट्यावर ठेवून बघावं. घरातल्या सगळ्यांनी मिळून हे करावं. त्यात मुलांनाही गंमत वाटते आणि कुणी चोरून दुसरी बॅग भरत नाही.

इंधन हा या सगळ्या विषयाचा कणा आहे. सेसनासारख्या विमानाला एव्हगॅस लागतं. हे उच्च ऑक्टेनचं विमानी पेट्रोल. मोठ्या जेट विमानांचं इंधन वेगळं, ते रॉकेलच्या जातीचं. मोठ्या विमानतळावर जेटचं इंधन हवं तितकं मिळतं, पण एव्हगॅस मिळेलच असं नाही. भारतात तर ते वर्षानुवर्षं परदेशातून येत होतं. इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात बनवलेलं एव्हगॅस सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणलं, ही लहान विमानांच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट होती. व्यवहारातला ठोकताळा असा, की जिथं वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे तिथं एव्हगॅस असण्याची शक्यता आहे, आणि ते आपल्याला मिळण्याची शक्यता आपण आधी बोलून ठेवलं तरच आहे. नव्या विमानांपैकी काहींची डिझेल पद्धतीची इंजिनं जेटच्याच इंधनावर चालतात, तर काही अगदी हलक्या विमानांना मोटारीचं पेट्रोल चालतं. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं बनवलेल्या ‘हंसा’ या दोन आसनी विमानाच्या नव्या पिढीत रोटॅक्स कंपनीचं असंच छोटं इंजिन आहे.

या नव्या हंसाचा एक प्रवास आपल्या विषयाला अगदी नेमका लागू पडतो. ३ सप्टेंबर २०२१ ला ते विमान एचएएलच्या धावपट्टीवरून पहिल्यांदा उडालं. फेब्रुवारी २०२२ मध्ये समुद्रसपाटीवरच्या चाचण्यांसाठी ते बंगळूरहून पुदुच्चेरीला उडत गेलं. १४० सागरी मैल, म्हणजे सुमारे २६० किलोमीटर. वेळ सुमारे दीड तास. चाचणीसाठी पुदुच्चेरी निवडण्याचं कारण आपल्यालाही उपयोगी आहे. समुद्रालगतची जाड हवा, दीड किलोमीटरची धावपट्टी आणि सकाळी निघून सकाळीच पोचता येईल इतकं अंतर. मारतहळ्ळीहून पहिल्यांदाच लहान विमानानं जाणाऱ्या कुटुंबाला मी पुदुच्चेरीच सुचवेन. मेमध्ये तिथं घाम फोडणारा उकाडा असतो हे खरं, पण धावपट्टीपासून फ्रेंच वस्तीतली घरं आणि समुद्र अगदी जवळ आहेत. आणि सेसनानं जाऊन-येऊन पाचशेवीस किलोमीटर होतात, म्हणजे परतीचं पेट्रोल बंगळूरहूनच बरोबर नेता येतं.

म्हैसूर मात्र यादीतून काढून टाकावं. हवेतून १३६ किलोमीटर, पाऊण तासाचा प्रवास. पण म्हैसूरला उतरून उटीला किंवा कोडगूला जायचं तर पुढं घाटाचे तीन तास रस्त्यानं काढावे लागतात. तेवढ्यात बंगळूरहून मोटार निम्म्याहून पुढं गेलेली असते. उटीसाठी कोइमतूर बरं. तिथून कुन्नूरचा घाट लगेच सुरू होतो. पण ते गजबजलेलं प्रवासी विमानतळ आहे. मोठ्या विमानांच्या रांगेत लहान विमानाला थांबावं लागतं आणि आपली सकाळ त्यात जाते.

शिवमोग्याच्या विमानतळाचं उद्घाटन २७ फेब्रुवारी २०२३ ला झालं. ३,२०० मीटरची धावपट्टी, मारतहळ्ळीपासून हवेतून सुमारे २४५ किलोमीटर. मलनाडची सगळी हिरवाई तिथून मोटारीच्या टप्प्यात येते. उन्हाळ्यात जोगच्या २५३ मीटर उंचीच्या कड्यावरून पाणी बारीक धारेनं पडतं, त्यामुळे जोग पाहायला म्हणून मे महिन्यात जाऊ नये. शरावतीच्या खोऱ्यातली गावं, आगुंबे, तीर्थहळ्ळी यांसाठी जावं. बंगळूर भाजत असताना तिथल्या झाडीत सकाळ-संध्याकाळ सुखाची असते.

हंपीचं काय? तोरणगल्लूजवळ पोलाद कारखान्यासाठी बांधलेला विद्यानगर विमानतळ हंपीपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि मारतहळ्ळीहून सव्वा तासात गाठता येतो. सुट्टीसाठी याहून सोयीची धावपट्टी शोधून सापडणार नाही. तरीही मे महिन्यात हंपीला जाऊ नका, असंच मी म्हणेन. चाळीस अंशांच्या वर तापलेल्या दगडांत मुलांना घेऊन फिरणं ही शिक्षा आहे, आणि तिथल्या दुपारी हवा दीड हजार मीटर उंचीवरच्यासारखी विरळ झालेली असते.

लक्षद्वीपचं स्वप्न सगळ्यांनाच पडतं. अगत्ती बेटावर १,२०४ मीटरची धावपट्टी आहे, निळ्या पाण्यातून थेट वर आल्यासारखी. अंतर मारतहळ्ळीपासून सुमारे ६४५ किलोमीटर, त्यातलं किनाऱ्यापासून पुढचं साडेतीनशे किलोमीटर उघड्या समुद्रावरून. इथं एकच आकडा पुरेसा आहे. ८,००० फुटांवर सेसनाचं इंजिन बंद पडलं तर ते सुमारे २२ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. म्हणजे समुद्रावरच्या दीड तासाहून जास्त प्रवासात बहुतेक सगळा वेळ खाली उतरायला जमीन नाही. तिथं एव्हगॅसही गृहीत धरता येत नाही. बेटांवर जायला प्रवेशाचा परवाना लागतो तो वेगळाच. दोन इंजिनांच्या टर्बोप्रॉप विमानात, व्यावसायिक वैमानिकांबरोबर, तराफा आणि जीवरक्षक जाकिटं घेऊनच तिथं जावं. एका इंजिनाच्या विमानात मुलांना बसवून त्या वाटेला जाऊ नये.

उरले कोल्हापूर आणि कोकण. मराठी माणसाचं मन तिथंच असतं आणि सुदैवानं हवा, वजन, इंधन यांचा हिशेबही, थोडी काळजी घेतली तर, तिथं जमतो.

मारतहळ्ळीहून कोल्हापूर सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटर. ही रेषा नकाशावर आखून बघावी, फार सुंदर जाते. आधी शिरा, मग डाव्या हाताला चित्रदुर्गाचे खडक, निम्म्या वाटेवर तुंगभद्रेचं रुंद पात्र, पुढं जवळजवळ सौंदत्तीच्या डोंगरावरून, यल्लम्माचं देऊळ आणि मलप्रभेचा जलाशय खाली ठेवून, गोकाकजवळ घटप्रभा ओलांडून पंचगंगेच्या खोऱ्यात. वायव्येकडे जाताना व्हीएफआर विमानं ६,५०० किंवा ८,५०० फुटांची पातळी धरतात, परतताना ७,५०० किंवा ९,५०० फुटांची. समोरासमोरची विमानं अशी वेगळ्या थरांवर राहतात. साडेआठ हजार फुटांवर मेच्या सकाळीही पंधरा-सोळा अंशांचा गारवा असतो. मुलांना स्वेटर घालावा लागतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतली ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहते. कोल्हापूरची धावपट्टी आता १,९०० मीटरच्या पुढं गेली आहे. उंची ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे बंगळूरपेक्षा हवा थोडी जाड. वाटेत पश्चिमेचा वारा तोंडावर येतो म्हणून जाताना पावणेतीन तास धरावेत, येताना सव्वादोन. गावाकडचे नातेवाईक, पन्हाळा, राधानगरी, आणि नऊच्या नाश्त्याला घरी. याच्या आड फक्त इंधन येतं. जाऊन-येऊन अकराशे किलोमीटर एका टाकीत करू नयेत, कारण हाती राखीव फार थोडं उरतं. बेळगावच्या सांबऱ्याला वैमानिक प्रशिक्षण चालतं. तिथं आधी बोलून परतीच्या वाटेवर टाकी भरून घेता आली, तरच हा बेत पक्का समजावा.

कोकणासाठी चिपी. सिंधुदुर्ग जिल्ह्यात परुळ्याजवळच्या जांभ्याच्या सड्यावर बांधलेला हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला. धावपट्टी अडीच किलोमीटरची. गोव्यातलं दाभोळी नौदलाचं, मोपा मोठ्या विमानांचं. लहान विमानाला चिपीच बरं. मालवण, वेंगुर्ला, निवती, भोगवे सगळं मोटारीच्या तासाभरात. मारतहळ्ळीहून ५६० किलोमीटर. आणि हवेचा एक आनंद इथं आहे. चिपी समुद्रापासून जेमतेम साठ मीटर उंच, त्यामुळे मेच्या ३३ अंशांच्या दुपारीसुद्धा तिथली हवा बंगळूरच्या पहाटेपेक्षा जाड असते. परतताना विमान हसतखेळत उठतं.

कौशल्य लागतं ते सह्याद्री उतरताना. आंबोलीचा माथा ओलांडला की चिपी हवेतून पन्नासेक किलोमीटर. साडेआठ हजार फुटांवरून दर मिनिटाला पाचशे फूट या मुलांच्या कानांना सोसेल अशा गतीनं खाली यायचं तर साठ किलोमीटर लागतात. म्हणजे डोंगर ओलांडण्याआधीच उतरायला सुरुवात करावी लागते, आणि माथ्यावर पुरेशी उंची हातात ठेवून. त्यासाठी माथा स्वच्छ दिसायला हवा. सकाळी साडेआठ-नऊला तो सहसा मोकळा असतो. दुपारी समुद्रावरचा वारा डोंगराला येऊन धडकतो आणि तिथंच ढग उभे राहतात. किनाऱ्यावर सकाळचं धुकटही असतं. व्हीएफआरला पाच किलोमीटरपर्यंत स्पष्ट दिसलं पाहिजे. धुकट जास्त असेल तर बेळगावला उतरून तासभर थांबण्याची तयारी ठेवावी.

मेमध्ये चिपीहून रिकाम्या हातानं कुणी परतत नाही. देवगड-वेंगुर्ल्याच्या हापूसची पाच डझनांची लाकडी पेटी पंधरा-अठरा किलोची भरते. दोन पेट्या म्हणजे पस्तीस किलो, म्हणजे जवळपास पन्नास लिटर इंधन, म्हणजे दीड तासाचं उड्डाण. जाताना घेतलेली मऊ पिशवी कमी करून किंवा सांबऱ्याला टाकी भरायचा बेत ठेवून पेट्यांची जागा आधीच राखावी. लाकडी पेटीपेक्षा पुठ्ठ्याच्या खोक्यात आंबे हलके होतात आणि मागच्या कप्प्यात घट्ट बांधता येतात. सुटं सामान लहान विमानात कधीही ठेवायचं नाही.

विमान रात्री कुठं राहणार, हा प्रश्न लोक विसरतात. लहान विमानतळावर हँगर मिळेलच असं नाही. विमान उघड्यावर उभं राहतं आणि वळवाच्या आधी सुटणारा वारा ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरनं येतो. सेसना हवेत तरंगू लागतं ते ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास. म्हणजे उभं विमान वारा अक्षरशः उचलून उलटवू शकतो. दोन पंख आणि शेपूट जमिनीतल्या कड्यांना दोरानं आवळून बांधायची, याला टाय-डाऊन म्हणतात. दोर आपले न्यावेत आणि कड्या आहेत का ते फोनवर विचारून घ्यावं. जिथं बांधायची सोय नाही, तिथं मे महिन्यात मुक्कामाला जाऊ नये.

परवानग्यांचं प्रकरण भीती वाटावी तितकं अवघड नाही, पण वेळखाऊ आहे. उड्डाणाचा आराखडा भरून उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी क्रमांक आणि हवाई संरक्षणाचा एडीसी क्रमांक घ्यावा लागतो. हे दोन्ही हातात आल्याशिवाय चाक हलत नाही. बंगळूरच्या आकाशात देवनहळ्ळी, एचएएल, यलहंक्याचा वायुदलाचा तळ आणि जक्कूरचं जुनं प्रशिक्षण मैदान एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे नियंत्रकांनी दिलेली उंची आणि दिशा काटेकोर पाळावी लागते. ज्या विमानतळावर जायचं त्याची पूर्वपरवानगी घ्यावी आणि तिथला नियंत्रण मनोरा किती वाजता बंद होतो हेही विचारावं. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खासगी वैमानिकाचा परवाना वयाच्या सतराव्या वर्षानंतर आणि किमान ४० तासांच्या उड्डाणानंतर मिळतो, पण त्या परवान्यावर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही. भाड्यानं जायचं तर ज्या कंपनीकडे तसा सरकारी परवाना आहे तिच्याकडेच जावं आणि तो परवाना मागून बघावा. त्यात संकोच करू नये. पिलाटस किंवा किंग एअरसारखी भाड्याची टर्बोप्रॉप विमानं पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगानं, उंचावरच्या गार हवेत जातात. त्यांना जेटचंच इंधन लागतं आणि कोल्हापूर त्यांच्यासाठी सव्वा तासावर येतं. वळवाचे ढग मात्र त्यांच्याही खूप वर पोचतात, म्हणून सकाळचा नियम त्यांनाही लागू.

राहिली तारीख. शाळा सुटल्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ उत्तम. २० मेनंतर किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा जोर धरतो, सह्याद्रीचा माथा सकाळीही ढगात राहू लागतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मोसमी पाऊस गोवा-कोकणात पोचतो. रोहिणी लागल्यावर, म्हणजे २५ मेच्या सुमारास, चिपीचा बेत सोडून द्यावा. तेव्हा जाता येतं ते पठारावरच आणि तेही रोज सकाळी आकाश बघून. पुढं पाऊस संपून ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला, तुंगभद्रा भरून वाहू लागली आणि हवा धुऊन निघाली, की हंपी आणि शिवमोगा यादीत सगळ्यात वर येतात. पुदुच्चेरी मात्र तेव्हा ईशान्येकडून येणाऱ्या पावसाखाली असते, ती जानेवारीपर्यंत मागे टाकावी.